ज्याला माहीत, तो आत

...आणि वर मलाच विचारतात, "अरे, तू कशाला घाबरतोस? तुला तर सगळं माहीत आहे!" नाही, तुम्हीच सांगा, ही काय बोलायची पद्धत झाली? जित्याजागत्या माणसाला लिफ्टमध्ये उभं करायचं, दार लावायचं, ब्रेक सोडून द्यायचा, लिफ्ट सुटली की सुटू द्यायची, आणि मग ती आपली आपण थांबते का ते बाहेर उभं राहून बघायचं... आणि आतला माणूस कोण? तर मी! आणि मला... तुम्हाला म्हणून सांगतो, कुठे बोलू नका... मला त्यातलं काहीही माहीत नाही हो!

हसू नका. आमची कंपनी लिफ्टचं सॉफ्टवेअर करते. म्हणजे लोखंड दुसऱ्याचं, अक्कल आमची. आता त्या अकलेत माझा वाटा किती? दाराच्या वर तो मजल्याचा आकडा दिसतो ना, आणि शेजारी बाण... तो बाण माझा. आणि ती बाई बोलते ना, "दरवाजे बंद होत आहेत"... तिने कधी बोलायचं ते मी ठरवतो. बस्स, संपलं! बाण चुकला तर काय होईल? माणूस भलत्या मजल्यावर उतरेल, चार शिव्या हासडेल, परत चढेल. कोणी मरत नाही. मी मुद्दामच तसलं काम धरून बसलोय. अहो, घरी फ्यूज उडाला तर आमची ही स्टुलावर चढते आणि मी खालून स्टूल धरतो, तेसुद्धा पायात रबरी चपला घालून!

आणि असल्या माणसाला म्हणतात ब्रेकचा तज्ज्ञ. झालं कसं हे? माझी टापटीप नडली, दुसरं काही नाही. आमचं ते सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं दहा जणांनी लिहिलेलं, एकाच्या ओळी या कडेला, दुसऱ्याच्या त्या कडेला, तिसऱ्याने मध्येच एवढी जागा सोडलेली की तिथे खाट टाकून झोपावं. मला बघवेना. आता ओळी सरळ करायचं एक अवजार मिळतं, बटण दाबलं की सगळ्या ओळी शाळेतल्या प्रार्थनेसारख्या रांगेत उभ्या! मी दाबलं. नुसतं बाणावर नाही, म्हटलं आता हात लागलाच आहे तर होऊन जाऊ दे... दारं, मोटर, ब्रेक, सगळ्या कंपनीवर दाबलं. साहेब म्हणाले, "वा! काय स्वच्छ दिसतंय!" मीही खूश, साहेबही खूश, आणि मी चहा प्यायला गेलो.

तेवढ्यात कंपनीत आली ज्ञानपेढी! आता ही काय भानगड, तर रक्तपेढी असते ना, तशी. रक्त द्यायच्या ऐवजी ज्ञान द्यायचं, ते कॉम्प्युटरमध्ये साठणार, आणि कोणीही प्रश्न लिहिला की पेढी उत्तर देणार. ती घेऊन आलेले एक गृहस्थ होते, आम्ही त्यांना पेढीवालेच म्हणायचो. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बूट, आणि बोलणं तर त्याहून गुळगुळीत. पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा केलं आणि डोळे मिटून म्हणतात कसे, "माणसं येतील... माणसं जातील... पण ज्ञान! ज्ञान इथेच राहिलं पाहिजे. एकाने एकदा शिकावं, सगळ्यांनी जन्मभर वापरावं." टाळ्या! मीही वाजवल्या. मग कोणीतरी विचारलं, कोणाला काय येतं हे तुमच्या पेढीला कळणार कसं? तर म्हणाले, "सोपं आहे. ज्या ओळीवर शेवटचा हात ज्याचा, त्या ओळीचं ज्ञान त्याचं!"

आलं का लक्षात? माझ्या आत्ता येतंय. तेव्हा नाही आलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या पडद्यावर झळकलं. दारांचे तज्ज्ञ... खाली माझा फोटो. मोटरचे तज्ज्ञ... माझा फोटो. ब्रेकचे तज्ज्ञ... तोच फोटो, तेच दात! मी उठून उभा राहिलो, म्हटलं, अहो, मला काय माहीत, मी फक्त ओळी सरळ केल्या! तर पेढीवाले साहेबांच्या कानाला लागले, "बघितलंत? विद्या विनयेन शोभते." मी म्हटलं, विनय नाही हो, खरंच! तर साहेब म्हणाले, "पुरे आता, इतकाही नम्रपणा बरा नव्हे." म्हणजे मी जितका नाही नाही म्हणतोय तितका मोठा होत चाललोय! घरी येऊन हिला सांगितलं, तर हिने आधी माझ्याकडे बघितलं, मग फ्यूजच्या पेटीकडे बघितलं, आणि म्हणाली, "अहो, त्यांना काही आजार आहे का?"

आणि मॅडम? ब्रेक ज्यांनी लिहिला त्या मॅडम? त्यांच्या नावापुढे काय आलं माहीत आहे? शून्य! त्यांच्या एकूण एक ओळीवर शेवटचा हात माझा होता ना! खिडकीशेजारी बसायच्या, पन्नाशीच्या, बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. पेढीवाल्यांनी त्यांना बोलावून अगदी मधाळ आवाजात सांगितलं, "तुमचं ज्ञान शून्य भरतंय, मग कंपनीने तरी काय करावं?" मी मध्ये पडलो हो! म्हटलं, असं करू नका, ब्रेक त्यांचा आहे! तर साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "मनाचा मोठेपणा आहे तुझा." मॅडमनी आपला कप उचलला, पर्स उचलली, जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ओळी छान सरळ केल्यास हो." आणि गेल्या. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

इथवरसुद्धा ठीक होतं. लाज वाटत होती, पण लाजेने कोणी मरत नाही. मग आलं हॉस्पिटल. नवीन बांधलेलं, त्यात मोठी लिफ्ट, पेशंट खाटेसकट नेतात ना, तसली. आणि नवी लिफ्ट सुरू करायच्या आधी ब्रेकची परीक्षा. आणि परीक्षेचा आमच्या कंपनीत एक नियम आहे, थोरल्या मालकांनी घालून दिलेला. थोरले मालक स्वतः लिफ्ट बसवायचे. ते म्हणायचे, जो म्हणतो मला माहीत आहे, त्याने परीक्षेच्या वेळी आत उभं राहावं. बाहेरून सगळेच शहाणे. ज्याला माहीत, तो आत! आता ते गेले देवाघरी, नियम राहिला माझ्या बोकांडी.

साहेबांनी बोलावलं. "सोमवारी परीक्षा. तू आत." म्हटलं, साहेब, मला काय माहीत ब्रेकमधलं? साहेब म्हणाले, "झाला का याचा विनय सुरू! आणि हे बघ, हॉस्पिटलवाले म्हणतायत, तुमच्या ब्रेकमध्ये एक थांबा आहे. लिफ्ट सुटली हे कळल्यावरही तुमचा ब्रेक क्षणभर थांबतो आणि मग लागतो. दुसऱ्या कंपनीचा म्हणे झटक्यात लागतो. तर तो थांबा काढायचा की ठेवायचा, तूच ठरव. तू म्हणशील ती पूर्व दिशा."

मी जागेवर आलो, ब्रेकची फाईल उघडली. इतकी सरळ फाईल तुम्ही जन्मात बघितली नसेल! आणि मधोमध ती ओळ. म्हणजे बघा, वर लिहिलंय, लिफ्ट सुटली का? हो, सुटली. मग खाली लिहिलंय... थांब! अहो, थांब? लिफ्ट सुटलीय, आत माणूस आहे, माणूस मी आहे, आणि हे म्हणतं थांब? कशासाठी? चहासाठी? आणि त्या ओळीच्या शेजारी मॅडमनी लिहून ठेवलेलं, "हे काढू नका, कारण". कारण! आणि पुढे काही नाही! मोकळी जागा! कारण काय बाई? काढलं तर मरतो की ठेवलं तर मरतो? थांबा ठेवावा तर त्या क्षणात लिफ्ट गेली कुठल्या कुठे, आणि काढावा तर "काढू नका" असं स्वच्छ लिहिलंय. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी लिफ्टमध्ये!

मग म्हटलं, घाबरतोस काय वेड्या, एवढी ज्ञानपेढी आहे ना! विचार तिला! लिहिलं, "ब्रेकमध्ये थांबा का आहे?" पेढीने जरा विचार केला. मग उत्तर आलं, "या विषयातील सर्वांत जाणकार व्यक्तीशी संपर्क साधा." आणि खाली फोटो... माझा! दात काढून हसतोय! आणि खाली हिरवा दिवा, "तज्ज्ञ सध्या जागेवर आहेत." आहेत ना, जागेवरच आहेत, घाम पुसतायत! तेवढ्यात माझ्याच मशीनवर टुण्ण् वाजलं. बघतो तर निरोप, "तुमच्या एका सहकाऱ्याने प्रश्न विचारला आहे, कृपया उत्तर द्या." मी सहकाऱ्याकडे बघतोय, सहकारी माझ्याकडे बघतोय, दोघांनाही काही माहीत नाही! थोड्या वेळाने परत टुण्ण्, "सहकारी अजून वाट बघत आहेत." अहो, मलाच माझी कीव आली. संध्याकाळी साहेबांना पत्र गेलं की तज्ज्ञ उत्तर देत नाहीत, आणि साहेब मला म्हणाले, "अरे, विचारणारा कोण आहे त्याला सांगून टाक की, ज्ञान असं दाबून ठेवू नये!"

घरी पाऊल टाकलं आणि हिला म्हटलं, सोमवारी मला लिफ्टमध्ये घालून सोडून देणार आहेत. ही भाजी चिरत होती, सुरी तशीच हातात. मग एकदम म्हणाली, "त्या मॅडमकडे का नाही जात?" मी म्हटलं, कुठल्या तोंडाने जाऊ? माझ्यामुळे नोकरी गेली त्यांची. तर ही म्हणाली, "आहे त्याच तोंडाने जा. सोमवारनंतर तेही राहील की नाही सांगता येत नाही." आणि आत जाऊन डोळे पुसायला लागली. मग मात्र मी खरा घाबरलो. ही रडत नाही हो. ही स्टुलावर चढते.

गेलो. मॅडमनी दार उघडलं, मला बघितलं आणि म्हणाल्या, "परीक्षा लागली वाटतं." मी सरळ हात जोडले. म्हटलं, मॅडम, तो थांबा... ते कारण... माझी बोबडीच वळली. त्यांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "कारण लिहिलं होतं की मी. चांगली तीन वाक्यं लिहिली होती. लांब होती जरा, ओळीच्या बाहेर जात होती. तुझ्या त्या अवजाराने रांगेबाहेरचं सगळं छाटलं." मी म्हटलं, जुनी प्रत असेल ना कुठे? म्हणाल्या, "होती. पेढीवाल्यांनी जुनं सगळं पुसायला लावलं, म्हणे दोन दोन प्रतींनी ज्ञानाचा गोंधळ होतो." मी ग्लास खाली ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. नीट ऐका हं, मीही नीट ऐकलं, आयुष्यात इतकं नीट मी काही ऐकलेलं नाही. म्हणाल्या, "तुला काय वाटतं, सुटलेली लिफ्ट खाली पडते? भरलेली असली तर खाली जाते. रिकामी वर जाते. दुसऱ्या टोकाला तिच्याहून जड वजन टांगलेलं असतं ना! तू एकटा आत असलास की लिफ्ट वर पळणार." वर! म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या दिशेने घाबरत होतो! "आणि आम्ही पहिला ब्रेक केला तो झटक्यात लागणारा होता," म्हणाल्या, "परीक्षेला आत मीच होते. लिफ्ट सुटली, वर निघाली, ब्रेक लागला. लिफ्ट जागच्या जागी थांबली. मी थांबले नाही." असं म्हणून त्यांनी केस बाजूला केले आणि डोक्यावरची खूण दाखवली. मला भोवळ आली. "म्हणून तो थांबा. त्या क्षणात मोटर तिला मागे ओढते, वेग मोडतो, आणि मग ब्रेक लागतो. मोटरची फाईल वेगळी, ब्रेकची वेगळी, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं ब्रेक झोपलाय. तो थांबा काढलास तर खाटेवरचा पेशंट छताला लागेल. आणि तू आत असशील तेव्हा गुडघे थोडे मोडून उभा राहा, कडेची दांडी दोन्ही हातांनी धर, आणि तोंड बंद ठेव. जीभ दातांत सापडते."

मी म्हटलं, मॅडम, तुम्ही चला ना, तुमचा ब्रेक आहे, तुम्हाला माहीत आहे... तर पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, "मी उभी राहिले ते पुष्कळ झालं. आता तुलाही माहीत आहे. आणि नियम तुला माहीतच आहे." दारापर्यंत सोडायला आल्या, आणि दार लावता लावता म्हणाल्या, "बाण मात्र छान करतोस हं तू." त्या तेवढ्या वाक्यावर मी घरापर्यंत चालत आलो.

सोमवार उजाडला. साहेबांना सांगितलं, थांबा काढायचा नाही, आणि हे मला मॅडमनी सांगितलंय. साहेब म्हणाले, "मॅडमनी? त्यांचं तर शून्य होतं!" आणि पुन्हा तेच, मनाचा मोठेपणा वगैरे. लिफ्टपाशी गेलो. तपासनीस उभे, हॉस्पिटलचे दोन डॉक्टर उभे... डॉक्टर बघून तर माझा धीरच सुटला, म्हटलं यांनी तयारीच ठेवलीय! आणि तेवढ्यात कोण आत शिरावं? पेढीवाले! "मीसुद्धा येणार. तज्ज्ञाचा अनुभव घडत असताना टिपायचा असतो, ताजा ताजा." मी म्हटलं, अहो, गुडघे मोडा. ते म्हणाले, "वा, ही माहिती पेढीत टाका." मी म्हटलं, अहो, दांडी धरा. "हीसुद्धा टाका!" मी म्हटलं, निदान तोंड तरी... आणि दार लागलं. माझाच आवाज, म्हणजे मी लावलेला, "दरवाजे बंद होत आहेत."

मी दांडी धरली. गुडघे मोडले. तोंड मिटलं. डोळेही मिटले, ते काही मॅडमनी सांगितलं नव्हतं. ही दिसली, सुरी हातात घेतलेली. शेजारी पेढीवाले बोलतायत, "या क्षणी तुमच्या मनात नेमकं कोणतं ज्ञान..." आणि सुटली! वर! अहो, पाय जमिनीवर आहेत आणि पोट कुठेतरी खाली राहिलंय, आणि मी मनातल्या मनात ओरडतोय, थांब, थांब, थांब... आणि इतका लांब क्षण मी कधी जगलो नाही, त्या क्षणात मला वाटलं मॅडम चुकल्या असतील, मोटर विसरली असेल, माझ्या अवजाराने मोटरचंही काही छाटलं असेल! आणि मग कोणीतरी मागून सदरा धरून ओढावं तशी ती मंदावली... मंदावली... आणि ठक्. लागला ब्रेक. मी जागेवर. एवढासा हिसका बसला, बस्स. डोळे उघडून बघतो तर पेढीवाले गाल धरून उभे, तोंडातून शब्द नाही. बोलत होते ना, जीभ सापडली. पुढे आठवडाभर बिचारे खुणांनी ज्ञान वाटत होते.

पास झालो. बाहेर टाळ्या. मी भिंतीला धरून उभा. त्याच दिवशी बसून मी पेढीत सगळं लिहून काढलं. थांबा का, मोटर काय करते, गुडघे, दांडी, सगळं. आणि नाव घातलं मॅडमचं. तर पेढी म्हणते, "या नावाची व्यक्ती कंपनीत नाही. लिहिणाऱ्याच्या नावे जमा करत आहे." परत घातलं, परत तेच. साहेबांकडे गेलो, म्हटलं मॅडमना परत बोलवा. साहेब म्हणाले, "आता कशाला? आता तर तुला सगळं माहीत आहे!" आणि यावेळी, तुम्हाला सांगतो, मला तोंड उघडून म्हणताही येईना की मला काय माहीत. माहीत होतं हो! पहिल्यांदाच खरं खरं माहीत होतं!

आणि भीती काही गेली नाही. वाढली! आधी नुसता मरायला घाबरत होतो, आता कशाने मरायचं तेही माहीत आहे. आणि कंपनीला लिफ्टमागून लिफ्ट मिळतेय. हॉस्पिटल झालं, आता हॉटेल आहे, मग कुठलंसं सरकारी ऑफिस आहे, आणि प्रत्येक ठिकाणी ज्याला माहीत, तो आत! मी म्हटलं, ज्ञान वाटून टाकू, म्हणजे आळीपाळीने जाता येईल. शेजारच्या टेबलावरच्याला म्हटलं, ये, तुला थांबा समजावतो. तो कानांवर हात ठेवून ओरडला, "सांगू नकोस! मला दोन मुलं आहेत!" पलीकडच्या टेबलावरच्या बाईंकडे गेलो तर ती फोनवर बोलायला लागली, फोन उलटा धरलेला. मी दिसलो की जेवणाची खोली रिकामी होते. पेढीत लिहिलंय ते कोणी उघडत नाही. उघडलं की पेढी नोंद करते ना, यांनी वाचलं म्हणून! वाचलं म्हणजे माहीत, आणि माहीत म्हणजे... कळलं का? इतकं सगळं ज्ञान गोळा करून ठेवलंय आणि त्याच्या आसपास कुत्रं फिरकत नाही.

म्हणून म्हटलं, बाहेर कुठे चार माणसं ऐकणारी मिळतात का बघावं. तुम्ही किती छान ऐकलंत! मध्ये उठला नाहीत, कानात बोटं घातली नाहीत. रिकामी लिफ्ट वर जाते, हे कळलं ना? थांबा का असतो, कळलं ना? गुडघे, दांडी, तोंड... सगळं कळलं ना? झालं तर मग! आता तुम्हालाही माहीत आहे. उद्या हॉटेलची परीक्षा आहे, आणि साहेबांची काही हरकत नाही, मी विचारलंय, बाहेरचा असला तरी चालेल, माहीत असलं म्हणजे झालं... तर कोण येतंय?

कोणीच नाही? अहो, तुम्ही... पुढच्या रांगेतले, आत्ता तर मान डोलवत होता! तुम्ही ताई? घड्याळात काय बघताय?... काका, पाय आत्ताच कसा दुखायला लागला?

असू द्या, असू द्या. बसा निवांत. जातो मीच.